मंडळाचा हिशेब कोणाला विचारावा?

गणपतीची वर्गणी देताना आपण पावती घेतो, पण वर्षअखेरचा ताळेबंद कितीजण वाचतो? पदाधिकारी आपलेच काका-मामा, त्यांना विचारायचे कसे, हा संकोच. मग संशय ओट्यावरच्या गप्पांत फिरतो आणि मंडळ फुटते.

कामरेज पूर्वी बडोदे संस्थानात होते. १९४९ साली संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १९५० साली सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा कायदा आला. राज्ये वेगळी झाली तरी हाच कायदा इकडेही राहिला, तिकडेही. नोंदलेल्या संस्थेचा साधा सभासदसुद्धा त्यात 'हितसंबंधी व्यक्ती' ठरतो. त्याच्या लेखी तक्रारीवरून कलम ४१-ब प्रमाणे चौकशी होऊ शकते. अफरातफर दिसल्यास ४१-ड प्रमाणे विश्वस्ताला दूरही करता येते. मंडळाची जागा विकायलाही चॅरिटी कमिशनरची पूर्वपरवानगी लागते, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

मोठ्या नावाच्या संस्थाही यातून सुटत नाहीत. गोखल्यांनी १९०५ साली पुण्यात स्थापलेल्या भारत सेवक समाजाच्या सचिवाला एप्रिल २०२५ मध्ये अटक झाली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे सुमारे दीड कोटी रुपये समाजाच्या नागपूरच्या जमिनीसाठी वळवल्याचा आरोप होता. फिर्याद त्या संस्थेच्याच अधिकाऱ्याने दिली होती. आरोप म्हणजे निकाल नव्हे, हेही ध्यानात ठेवावे.

आपल्याकडे बहुतेक वेळा हिशेबनीस कच्चा असतो, चोर नसतो! म्हणून आधी चिटणीसांना लेखी विचारावे आणि अर्जाची पोच घ्यावी. उत्तर न मिळाल्यास सभेत प्रश्न मांडून तो इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. त्यानंतरच तक्रार. तीत 'पैसे खाल्ले' असे लिहू नये. 'अमुक पावतीची रक्कम बँक पुस्तकात दिसत नाही' असे लिहावे. जे पाहिले तेवढेच, तारीख-रकमेसह.

योग्य अधिकाऱ्याकडे सद्भावनेने केलेली तक्रार बदनामी ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये तसा अपवाद आहे. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणाला चोर म्हटले तर मात्र हे संरक्षण मिळेलच असे नाही, आणि नेमके तेच आपण आधी करतो.

अर्ज शक्यतो गुजरातीत लिहावा. आपली मुले ते सहज करतील. वर मंडळाचा नोंदणी क्रमांक घालावा. सोबत पावत्यांच्या झेरॉक्स जोडाव्यात, मूळ पावत्या घरीच ठेवाव्यात.