एअरबॅग आणि थंडी

जानेवारीत अयोध्या नगरात स्कूटर चार-पाच किक मारल्याशिवाय सुरू होत नाही. एअरबॅगला दुसरी किक मिळत नाही. टक्कर होताच सुमारे ३० मिलिसेकंदांत ती फुगली पाहिजे.

काही एअरबॅगांसाठी डब्यात वायू दाबून भरलेला असतो. २७ अंश सेल्सिअस म्हणजे ३०० केल्विन, उणे ३३ म्हणजे २४०. (आम्ही हिंदी माध्यमात याला ‘परम ताप’ म्हणून शिकलो; मराठीत केवल तापमान.) डबा तेवढाच, म्हणून दाब एक पंचमांशाने घटतो. तो भरून काढायला डब्यात जळणारे रसायन ठेवतात. ते वायूला तापवते. पण थंडीत तेही हळू जळते, म्हणून ते पेटवायला आणखी जोरकस पूड! मात्र फार वाढवूनही चालत नाही, कारण उन्हाळ्यात तोच डबा फुटता कामा नये. म्हणून चाचण्या उणे ४० पासून ८५ अंशांपर्यंत घेतात.

१ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या गाड्यांत चालकासाठी एअरबॅग सक्तीची आहे. पालकहो, पुढच्या सीटवर मांडीवर मूल घेऊन येणारे आम्ही फाटकात रोज पाहतो. एअरबॅगचा जोर पट्टा बांधलेल्या मोठ्या माणसाच्या हिशोबाने ठरवलेला असतो, मांडीवरच्या मुलाच्या नव्हे.