काशीत गव्हापलीकडचंही विचारा

नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला काशीचा भोसले घाट आम्हा वैदर्भीयांना घरचाच वाटतो. वरच्या लक्ष्मीनारायणाचं दर्शन झालं, ऊन तापलं होतं, थंड काहीतरी प्यायचं होतं. मला सिलिॲक आहे. गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे माझ्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा होते. म्हणून सत्तूवाल्याला आधी विचारलं, "भैया, गेहूँ तो नहीं है?" तो म्हणाला, "बिलकुल नहीं, चने का है." त्याचं खोटं नव्हतं. सत्तू चण्याचाच होता, पण त्यात जव मिसळलेला होता. रात्री पोट बिघडलं, तेव्हा मुक्कामाच्या घरच्या काकूंनी सांगितलं की इकडे बरेच जण चण्यात जव घालूनच सत्तू दळतात. आपल्या विदर्भातल्या सातूच्या पिठात तर गहूच असतो.

तेव्हापासून मी नावं घेऊन विचारते: "इसमें आटा, मैदा, सूजी, जौ, कुछ पड़ा है?" ग्लूटेन हा शब्द दुकानदाराला कळेलच असं नाही, ही नावं मात्र नक्की कळतात.

पेयांत साधी लस्सी, उसाचा रस, बेलाचं सरबत चालतं. बदाम, मगज, बडीशेप, खसखस, मिरी घालून समोर वाटलेली ठंडाईही चालते. तयार पावडरीचा डबा मात्र वाचावा. माल्ट बहुधा जवाचा असतो, म्हणून माल्टची दुधात घालायची पावडर आणि नेहमीची बीअर वर्ज्य.

गोडात पेठा, बत्तासे, तिळाची रेवडी, थंडीतला मलइयो हे मुळात निर्धोक. जिलबी, लवंगलता, गुलाबजाम यांत मैदा असतो. रसगुल्ल्यातही कधी मैदा किंवा रवा घालतात, तेव्हा विचारून घ्या. पंजिरीचा प्रसाद कपाळाला लावून सोबतच्याला द्यावा. देवाचा त्यात अनादर नाही.

रताळं, सुरण, अरवी हे कंद आणि पाण्यातला शिंगाडा बिनधास्त खा, पण उकडलेले किंवा भाजलेले. कचोरीच्या कढईत तळलेले काप नकोत. शिंगाड्याचं आणि कुट्टूचं पीठ उपासाचं असलं तरी गव्हाच्याच गिरणीत दळलेलं असू शकतं. ज्येष्ठमधाची काडी चघळायला हरकत नाही; त्याच्या नावाच्या परदेशी गोळ्यांत मात्र अनेकदा गव्हाचं पीठ असतं. भाजीतल्या हिंगाचंही विचारा, कारण बाजारातल्या पुष्कळ हिंगात मैदा मिसळलेला असतो.

पाकीटबंद वस्तूवर 'ग्लूटेन-फ्री' लिहायचं तर आपल्याकडच्या नियमानुसार किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही. म्हणून प्रवासात सुट्या मिठाईपेक्षा असं पाकीट बरं.

आणखी एक कळकळीचं सांगणं. खाऊन त्रास झाला नाही म्हणजे आतड्याला इजा झाली नाही, असं समजू नका. आणि नुसत्या शंकेवरून गहू सोडू नका. गहू बंद केल्यावर रक्ततपासणी फसवू शकते. आधी डॉक्टरांकडून निदान करून घ्या. निदान झालं की पथ्य आयुष्यभराचं, कारण आज तरी या आजारावर तोच उपचार आहे. ते सांभाळून काशी करता येते, मी करते.