एचडीचे पैसे, डीव्हीडीचं चित्र

लग्नाचं, मुंजीचं शूटिंग एचडीत होतं, हातात मात्र डीव्हीडी पडते आणि मोठ्या टीव्हीवर चित्र धूसर दिसतं. टीव्हीला दोष देऊ नका. डीव्हीडीवरचं चित्र ७२० बाय ५७६ पिक्सेलचं, फुल एचडीचं १९२० बाय १०८०, म्हणजे बरोबर पाचपट. तेव्हा ‘एचडी डीव्हीडी करून देतो’ असं कोणी म्हणालं, तर नेमकं काय मिळणार ते बिलावर लिहून घ्या: साधी डीव्हीडी, ब्लू-रे, की मूळ फाइल जशीच्या तशी असलेली डेटा डिस्क?

आधी बघणार कशावर ते ठरवा. घरात ब्लू-रे प्लेअर किंवा डिस्क घालता येणारं प्लेस्टेशन असेल तरच ब्लू-रेवर खर्च करा. डीव्हीडी प्लेअर ती वाचत नाही. नातेवाइकांना वाटायला डीव्हीडी पुरते.

दुसरा प्रश्न दुकानदाराला सहसा आवडत नाही: एका डिस्कवर किती मिनिटं टाकणार? साध्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात. तासाभराचं शूटिंग असेल तर चित्राला जवळजवळ कमाल बिटरेट मिळतो. दोन तास कोंबले की तो निम्म्यावर, सेकंदाला ५ मेगाबिटच्या आसपास येतो. तीन तास टाकले तर अक्षता उडतात त्या क्षणी पडद्यावर चौकोन फुटतात. एक डिस्क वाचवून दुकानदाराचे पन्नास रुपयेही वाचत नाहीत. लग्न तीन तासांचं असेल तर तीन डिस्क मागा. ब्लू-रेवर २५ जीबी असल्याने दोन तास आरामात बसतात.

आता छुपे पैसे. कन्व्हर्जन, मेनू, कव्हर-छपाई, पेन ड्राइव्हवर कॉपी, वर जीएसटी: सगळं धरून एकच आकडा विचारा. जादा कॉपीचा दर तर घासाघीस करूनच ठरवा. वेळखाऊ काम पहिल्या डिस्कचं. पुढची डीव्हीडी ८एक्स वेगाने सात-आठ मिनिटांत निघते. पहिल्या डिस्कचाच दर प्रत्येक कॉपीला लावणं म्हणजे लूट. कोऱ्या ब्लू-रेचं पाकीट बघायला मागा. सोनीने रेकॉर्डेबल ब्लू-रेचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं, त्यामुळे जुना साठा किंवा अनोळखी ब्रँड माथी मारला जाऊ शकतो.

सोबत काय न्यायचं? कॅमेऱ्याचं कार्ड किंवा मूळ फाइलची कॉपी. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून आलेली क्लिप नको, ती आधीच दाबलेली असते. पाठवायचीच तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून, २ जीबीपर्यंत जाते. आयफोनचं एचडीआर शूटिंग असेल तर ते आधीच सांगा, नाहीतर डिस्कवर रंग फिके उतरतात. मोबाइलवर ३० फ्रेमने शूट केलं असेल तर एनटीएससी डीव्हीडी मागा. आपल्याकडच्या नेहमीच्या पॅल पद्धतीत २५ फ्रेम करताना चाल अडखळते, आणि आपल्याकडचे बहुतेक प्लेअर दोन्ही चालवतात.

स्वतः करायचं असेल तर डीव्हीडी-स्टायलर फुकट आहे आणि बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर दोन-तीन हजारांत येतो. चार-पाच डिस्कसाठी मात्र हा खटाटोप मला परवडणारा वाटत नाही. ब्लू-रे रायटर तर बराच महाग. तेवढ्यात चांगली हार्ड डिस्क येते, आणि मूळ एचडी तिच्यावर जशीच्या तशी राहते.

डिस्क ताब्यात घेताना दुकानातल्या संगणकावर दाखवली तर तेवढ्यावर समाधान मानू नका. अर्धे पैसे हातात ठेवा, घरच्या प्लेअरवर सुरुवात, मधला भाग आणि शेवट चालवून बघा, मगच हिशेब मिटवा. आणि तोवर कार्डावरची मूळ फाइल अजिबात पुसू नका.