फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो तेव्हा

आखातात नोकरी केलेल्या बांधवांनी १९७० व १९८० च्या दशकांत आणलेले स्टिरिओ ॲम्प्लिफायर कोकणातून अजूनही दुरुस्तीला येतात. नेहमीची तक्रार एकच: नवा फ्यूज टाकला की उडतो. काही कारागीर जाड तार बांधून सेट परत देतात. ही दुरुस्ती नव्हे. २३० व्होल्टवर १ अँपिअर म्हणजे २३० वॅट. ५ अँपिअर म्हणजे ११५० वॅट. फ्यूज वाचतो, ट्रान्सफॉर्मर जळतो, घरालाही आग लागू शकते.

प्रथम मागचा व्होल्टेज बदलण्याचा खटका पाहावा. तो ११० वर असेल तर सेटमध्ये दोष नसतानाही फ्यूज जातो. उडालेल्या फ्यूजची काच काळी पडली असेल तर शॉर्ट मोठा आहे. तार मधोमध नुसती वितळली असेल तर जास्त भार पडला असावा.

यापुढे फ्यूज वाया घालवू नयेत. फेजच्या तारेत १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडावा. एलईडी चालत नाही. स्पीकर काढून सेट लावावा. बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख पेटत राहिला तर शॉर्ट आहे. मग क्रमाने चालावे. दर वेळी प्लग काढून, मोठे कपॅसिटर १०० ओहमच्या ५ वॅट रेझिस्टरमधून रिकामे करूनच हात घालावा.

१. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या सर्व तारा सोडाव्यात. बल्ब तरीही लख्ख असेल तर दोष ट्रान्सफॉर्मरमध्ये किंवा त्याच्या अलीकडे आहे.

२. तारा जोडून दोन्ही चॅनेलचा डीसी पुरवठा सोडावा. बल्ब लख्ख असेल तर रेक्टिफायरचे डायोड व फिल्टर कपॅसिटर तपासावेत.

३. आता एकेक चॅनेल जोडावा. ज्यावर बल्ब पेटतो, त्याचे आउटपुट ट्रान्झिस्टर मीटरने पाहावेत. कलेक्टर व एमिटर यांमध्ये दोन्ही बाजूंनी शून्याजवळ ओहम दाखवले तर ट्रान्झिस्टर गेला. ट्रान्झिस्टरखालचा अभ्रकाचा पापुद्रा फाटला नाही ना, हेही पाहावे. दुसरा चॅनेल चांगला असेल तर मापे त्याच्याशी ताडावीत.

नुसता ट्रान्झिस्टर बदलून थांबू नये. ड्रायव्हर, बायसचे डायोड व एमिटरचे रेझिस्टर तपासले नाहीत तर नवा ट्रान्झिस्टरही जातो. पुन्हा बल्ब लावूनच सेट चालू करावा. शेवटी मूळ मापाचाच फ्यूज टाकावा. त्यावर 'टी' लिहिलेले असेल तर तो सावकाश उडणारा असतो, तसाच घ्यावा.

ग्राहकाचा सेट आपल्याकडे अमानत असतो. बदललेला माल त्याच्या हाती द्यावा, आणि ट्रान्सफॉर्मर जळला असेल तर खर्च आधी सांगावा. जाड तारेने त्या दिवशीचे पैसे मिळतील. पण दोष लपवून घेतलेल्या पैशात बरकत नाही, आणि सेट जळून परत आला की दुकानाची पतही जाते.