वॉलेटच्या कोडला हात लावण्याआधी

एका ओपन सोर्स बिटकॉइन वॉलेटसाठी मी कोड लिहितो, आणि त्याहून जास्त वेळ इतरांचा कोड तपासतो. नवी मुलं उत्साहानं येतात, आल्या आल्या भलामोठा पुल रिक्वेस्ट टाकतात आणि तो महिनाभर मर्ज झाला नाही की नाराज होऊन निघून जातात. हे त्यांच्यासाठी लिहितो आहे.

बिटकॉइनचा व्यवहार साखळीत पक्का झाला की तो मागे फिरवणारं कुणी नसतं. शाखा नाही, व्यवस्थापक नाही, तक्रारीची खिडकी नाही. त्यामुळे आपल्या एका ओळीमुळे कुणाची आयुष्यभराची बचत जाऊ शकते, आणि ती ओळ दिसायला अगदी निरुपद्रवी असते.

आमच्याकडे एकदा ॲप बंद पडल्याचा अहवाल आपोआप सर्व्हरवर पाठवण्याची सोय कुणीतरी लिहून दिली. कोड नीटनेटका होता, सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या. दुसऱ्या तपासणीत दिसलं की त्या क्षणी स्क्रीनवरच्या रकान्यांत जे भरलेलं असेल ते सगळं अहवालात जात होतं. जुनं वॉलेट परत उघडताना त्याच रकान्यांत माणूस आपले रिकव्हरीचे बारा शब्द टाइप करतो! लिहिणाऱ्याचा हेतू शंभर टक्के चांगला होता. तो बदल आम्ही थांबवला. सोलानावरच्या स्लोप वॉलेटमध्ये मात्र असं कुणी थांबवलं नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये हजारो वॉलेट रिकामी झाली, तेव्हा तपासात निघालं की स्लोपचं मोबाइल ॲप वापरणाऱ्यांचे गुप्त शब्द लॉगसोबत सर्व्हरवर पाठवत होतं.

म्हणून पहिली गोष्ट सांगतो: खासगी की किंवा गुप्त शब्द ज्या ज्या फंक्शनमधून जातात, त्यांचा माग काढून मगच काही लिहा. लॉग, क्लिपबोर्ड, स्क्रीनशॉट, बॅकअप, सगळीकडे बघा.

बाहेरची लायब्ररी जोडताना तर दहा वेळा विचार करा. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या जावास्क्रिप्ट पॅकेजच्या मूळ लेखकानं ते मदतीला आलेल्या एका अनोळखी माणसाकडे सोपवलं. त्या माणसानं त्यात आणखी एक छोटं पॅकेज घुसवलं. त्यातला दडवलेला कोड फक्त कोपे वॉलेटच्या बिल्डमध्ये जागा व्हायचा आणि मोठी शिल्लक असलेल्यांच्या की चोरायचा. कोपेच्या ५.०.२ ते ५.१.० या आवृत्त्यांत तो पोहोचला होता. मूळ लेखकाला मी दोष देत नाही. फुकट राबणाऱ्या एकट्या माणसावर एवढा भार टाकणारे आपण सगळे त्यात आहोत.

यादृच्छिक आकड्यांचं काम नवख्यानं हाती घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. अशा आकड्यांतूनच तयार होणाऱ्या बारा शब्दांमागे १२८ बिटांची अनिश्चितता असायला हवी. लिबबिटकॉइनच्या ‘बीएक्स’ साधनात मात्र ती जेमतेम ३२ बिटांची निघाली, म्हणजे सुमारे ४२९ कोटी शक्यता. एवढ्या शक्यता संगणकाला एकेक करून तपासता येतात. २०२३ मध्ये हे उघड झालं तोवर लोकांचे पैसे गेले होते, आणि प्रोग्राम तर सुरळीत चालत होता.

रक्कम कायम सातोशीत, पूर्णांकात ठेवा. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. दशांशाच्या फ्लोटमध्ये हिशेब केला की कुठेतरी तो चुकतोच. सुरक्षेतलं भोक सापडलं तर उघड इश्यू लिहू नका, प्रकल्पानं दिलेल्या खासगी पत्त्यावर कळवा. आणि नोकरीच्या मुलाखतीच्या नावाखाली कुणी ‘हा कोड चालवून बघा’ म्हणालं, तर ज्या मशीनवर तुमची साइनिंग की आहे तिथे तो अजिबात चालवू नका. वॉलेटच्या कोडवर काम करणाऱ्यांना गाठायची ही हल्लीची नेहमीची युक्ती आहे.

आमच्यासारख्या प्रकल्पांत कोड लिहिणारे भरपूर आहेत, तपासणारे फार थोडे. तेव्हा नवीन पुल रिक्वेस्ट टाकण्याआधी रांगेत पडून असलेला दुसऱ्या कुणाचा तरी एक उचला. तो स्वतः बिल्ड करा, टेस्टनेटवर चालवा, मुद्दाम चुकीच्या रकमा आणि अर्धवट शब्द भरून बघा, आणि काय तपासलं, काय तपासायचं राहिलं ते त्याखाली स्पष्ट लिहा. आम्हाला याच मदतीची सगळ्यात जास्त गरज आहे.