चांदीची भांडी : वापर, संग्रह आणि जकात

सिरोंच्याजवळ नदी ओलांडली की तेलंगणातील करीमनगरचा मुलूख फार दूर राहत नाही. चांदीच्या बारीक तारांपासून जाळीदार अत्तरदाण्या, पानदाने व तबके घडविण्याची तेथील कला प्रसिद्ध आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा परिसर तर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यातच मोडत असे. त्या हैदराबादेत तिसरे सालारजंग, नवाब मीर यूसुफ अली खान (१८८९-१९४९) यांनी युरोपातील व आशियातील असंख्य मौल्यवान वस्तू जमविल्या. त्यांच्या नावाचे संग्रहालय १९५१ साली लोकांसाठी खुले झाले. नवाबांची ही हौस आता मध्यमवर्गीय घरांतही दिसू लागली आहे. इंग्रजी अमलातील चांदीचे चहाचे संच, काटे-चमचे, ड्रेसिंग टेबलावरील आरसे, ब्रश आणि डब्या कोणी मुंबईच्या चोर बाजारातून आणतो, तर कोणाकडे त्या वारशाने येतात. "आम्ही त्या वापरत नाही, केवळ कपाटात ठेवल्या आहेत," असे त्यांचे मालक सांगतात. परंतु एवढ्याने शरीअतची जबाबदारी संपते काय, हे पाहणे आवश्यक आहे.

वापराचा हुकूम

सहीह बुखारी व सहीह मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हजरत हुजैफा (रजि.) यांची घटना आली आहे. ते इराणी बादशहांच्या जुन्या राजधानीत, मदाइन येथे होते. त्यांनी पाणी मागितले असता तेथील एका जमीनदाराने ते चांदीच्या पात्रातून आणून दिले. हजरत हुजैफा (रजि.) यांनी ते पात्र फेकून दिले आणि आपण त्यास यापूर्वीही मना केले होते, असे उपस्थितांना सांगितले. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सोन्या-चांदीच्या भांड्यांत खाण्यापिण्यास मनाई केली असून ती या जगात इतरांसाठी व परलोकात श्रद्धावंतांसाठी आहेत, असा त्या हदीसचा आशय आहे. चांदीच्या भांड्यातून पिणारा आपल्या पोटात नरकाग्नी भरतो, असा कठोर इशारा उम्मुल मोमिनीन हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे.

याचा अर्थ चांदी हा धातू निषिद्ध आहे असा नव्हे. प्रेषितांची (स.) मुद्रांकित अंगठी चांदीची होती. त्यांचा प्याला तडकला तेव्हा तो चांदीने सांधला गेला, असे हजरत अनस (रजि.) यांच्या कथनात आहे. सूरह दहरमध्ये तर स्वर्गातील पात्रे चांदीची असल्याचे वर्णन आले आहे. मनाई आहे ती या जगात बादशाही थाटाने चांदीच्या पात्रांतून उपभोग घेण्यास.

स्त्रियांचे दागिने आणि शृंगाराची साधने

सोन्या-चांदीचे दागिने स्त्रियांना हलाल आहेत. म्हणून ड्रेसिंग टेबलावरील चांदीच्या वस्तूही त्यांना चालतील, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. हनफी फिकहच्या 'हिदाया' या सुप्रसिद्ध ग्रंथात खाण्यापिण्याबरोबरच सोन्या-चांदीच्या पात्रातून तेल व सुगंध लावणे, चांदीचा चमचा, सुरम्याची सळई, सुरमेदाणी आणि आरसा यांचाही उल्लेख असून ही मनाई स्त्री-पुरुष दोघांना समान आहे. अंगावर धारण केला जातो तो दागिना. अत्तरदाणी, पावडरची डबी किंवा मुठीचा आरसा ही साधने आहेत, आणि साधनांचा हुकूम भांड्यांप्रमाणेच आहे.

न वापरता ठेवणे

येथे फिकहच्या इमामांत मतभेद आहे. विदर्भातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत. हनफी ग्रंथांत अशी भांडी न वापरता, बढाईचा हेतू नसताना, केवळ शोभेसाठी ठेवण्यास मुभा दिली आहे. कोकणातील आपले बहुतांश बांधव शाफई आहेत. त्यांच्या विश्वसनीय मतानुसार अशी भांडी जवळ बाळगणेही वर्ज्य आहे, कारण बाळगणे हे वापराकडे नेते. हनफी मुभेलाही बढाई नसण्याची अट आहे, हे विसरू नये. पाहुणा आला की कपाटाचा दिवा लावून किंमत सांगण्यात येत असेल, तर ती अट कितपत पाळली गेली, याचा विचार ज्याने त्याने करावा.

खरी चांदी कोणती?

हुकूम लागू करण्यापूर्वी वस्तूची पारख हवी. इंग्लंडमध्ये घडविलेल्या अस्सल 'स्टर्लिंग' वस्तूवर चालत्या सिंहाची मुद्रा असते. तिच्यात १००० भागांपैकी ९२५ भाग चांदी असते. नांगराची मुद्रा बर्मिंगहॅमची, तर बिबट्याच्या मुखाची लंडनची. 'ईपीएनएस' ही अक्षरे असतील तर ती वस्तू चांदीचा केवळ मुलामा दिलेली आहे. 'जर्मन सिल्वर'मध्ये तर चांदी मुळीच नसते. ते तांबे, जस्त व निकेल यांचे मिश्रण आहे. जो मुलामा वेगळा काढता येत नाही, अशा भांड्याचा वापर हनफी फुकहांनी वैध ठरविला आहे. जुन्या ब्रशच्या व आरशाच्या पाठीवर बहुधा चांदीचा पातळ पत्राच असतो आणि सुरीची मूठ आतून लाखेसारख्या पदार्थाने भरलेली असते. म्हणून एकूण वजनावर न जाता सराफाकडून चांदीचे वजन ठरवून घ्यावे.

जकात

सर्वाधिक दुर्लक्ष होते ते येथे. दागिन्यांच्या जकातीविषयी मतभेद आहे. शाफई फिकहमध्ये स्त्रियांच्या वापरातील वैध दागिन्यांवर जकात नाही. परंतु सोन्या-चांदीच्या भांड्यांवर जकात आहे, याविषयी चारही इमाम एकमत आहेत. वस्तू वापरात नाही, ती आजोबांची आठवण आहे, या कारणांनी ती माफ होत नाही.

चांदीचा निसाब साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम आहे. समजा, एका स्टर्लिंग चहाच्या संचात १४०० ग्रॅम वजन भरले. चांदीचे प्रमाण अधिक असल्याने हनफी मतानुसार सर्व वजन चांदीचेच धरले जाईल आणि चांद्र वर्ष पूर्ण झाल्यावर अडीच टक्के, म्हणजे ३५ ग्रॅम चांदी जकात निघेल. शाफई मतानुसार शुद्ध चांदी तेवढी मोजली, तर १२९५ ग्रॅमवर सुमारे ३२.४ ग्रॅम होईल. निसाब वजनावर ठरतो. मात्र जकात चांदीऐवजी रोख रकमेत द्यायची असल्यास हनफी ग्रंथांनुसार कारागिरीसह वस्तूची किंमत विचारात घ्यावी लागते. फुकहांनी यासाठी दिलेले उदाहरणही चांदीच्या नक्षीदार सुरईचेच आहे. जुन्या वस्तूची किंमत धातूहून कितीतरी अधिक असू शकते, म्हणून हा फरक लक्षात ठेवावा. मागील वर्षांची जकात राहिली असल्यास आलिमांच्या सल्ल्याने वर्षवार हिशेब करून ती अदा करावी. रोकड नसेल, तर संचातील एखादी वस्तू विकावी.

वारशाने आलेल्या संचाबाबत आणखी एक हक्क आहे. "संच मोडू नये" म्हणून तो थोरल्या मुलाच्या कपाटात राहतो आणि बहिणींचा हिस्सा कोणी विचारीत नाही. कुरआनने वाटे ठरवून दिले आहेत. एकाने संच घ्यावा व इतरांना त्यांच्या वाट्याची किंमत द्यावी, किंवा संच विकून रक्कम वाटावी.

सोने-चांदी साठवून अल्लाहच्या मार्गात खर्च न करणाऱ्यांना सूरह तौबाच्या ३४ व ३५ व्या आयतींत दुःखदायक शिक्षेची सूचना दिली आहे. तोच धातू तापवून त्यांना डागले जाईल. ज्या जिल्ह्यांत तेंदूपान आणि मोहफुलांच्या हंगामावर अनेक घरांचे वर्ष निभावते, तेथे आपल्या वस्तीतील एखाद्या गरजू विधवेच्या घरी ३५ ग्रॅम चांदीची किंमत पोहोचली, तर काही दिवसांचे धान्य येते. तो तिचा हक्क आहे, आपला उपकार नव्हे. येत्या रमजानपूर्वी कपाटातील चांदी वजन करून घ्यावी आणि तिचा हिशेब वहीत लिहून ठेवावा.

अल्लाह आपणा सर्वांना त्याने दिलेल्या संपत्तीचा हक्क अदा करण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.