निरोपाची वेळ

पाळलेला कुत्रा घरातलाच एक होऊन जातो. परंतु त्याचे आयुष्य बहुधा १० ते १३ वर्षांचेच असते. वार्धक्यात सांधे आखडतात, दृष्टी मंदावते, एखादा असाध्य आजार जडतो. मग घरच्यांपुढे प्रश्न उभा राहतो : त्याला शांत मरण द्यावे का, आणि केव्हा?

अमेरिकेतील पशुवैद्य अ‍ॅलिस विलालोबोस यांनी २००४ मध्ये यासाठी एक मोजपट्टी सुचवली. वेदनेपासून आराम, भूक, पाणी पिणे, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि चांगल्या दिवसांचे आधिक्य, या सात बाबींना प्रत्येकी ० ते १० गुण द्यावयाचे. अवस्था जितकी चांगली, तितके गुण अधिक. बेरीज ३५ हून अधिक असेल, तर शुश्रूषा चालू ठेवावी.

मुका जीव आपले दुखणे सांगू शकत नाही. म्हणून दिनदर्शिकेवर रोज चांगल्या वा वाईट दिवसाची खूण करावी. वाईट खुणा वाढू लागल्या, की पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. आपल्याला विरह सोसवेल का, हे नंतर पाहावे. त्याला जगणे सोसवते का, हे आधी.

पाठगत प्रश्न
१. मोजपट्टीतील कोणत्याही तीन बाबी लिहा.
२. दिनदर्शिकेवर खुणा का कराव्यात?